हार्मोन्स बिघडलेत हे ओळखायचं कसं? (आणि रविवारच्या कॅम्पला नाव द्यायचं का)

विश्रामबागची_सून
सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचून जाते, आज लिहायला बसले कारण डोकं पार भंजाळलंय. आमच्या भिशीत सध्या एकच विषय, हार्मोन्स. कुणाचे केस गळतायत, हार्मोन्स. कुणी जाड झाली, हार्मोन्स. परवा एकीने दूधवाल्याला झापलं, तर तेही हार्मोन्स. आता येत्या रविवारी आमच्या अपार्टमेंटमध्ये एका लॅबचा कॅम्प आहे, 'लेडीज फुल हार्मोन प्रोफाइल', सवलतीत अडीच हजार, निम्म्या बायकांनी नावं देऊनही टाकलीत.

आमच्या घरात तिघींचं तीन तऱ्हेचं आहे. मी ३६ वर्षांची, पाळी वेळेवर येते पण हल्ली फार जाते, वजन वाढतंय, सकाळी उठल्यापासूनच दमलेली असते, सांगलीच्या उन्हाळ्यात लोक कूलरपुढे बसतात आणि मी पंखा बारीक करा म्हणते, पोट साफ होत नाही, टाचा तर खरबरीत झाल्यात नुसत्या. जाऊबाई ४६ च्या, त्यांची पाळी कधी वीस दिवसांत तर कधी दोन महिने पत्ता नाही, रात्री मध्येच घामाने गाऊन भिजतो, झोप नाही, चिडचिड तर विचारू नका (त्या इथे नाहीत म्हणून लिहितेय). आणि नणंदेची मुलगी, १९ ची, इथे कॉलेजला आमच्याकडे राहते, तिची पाळी तीन-तीन चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस यायला लागलेत आणि मानेमागे काळं पडलंय. तिची आई म्हणते नीट घासत नाही अंघोळीला.

तर तिघींना एकाच पॅकेजमध्ये बसवायचं का? कुणी केलंय का असलं? लक्षणं बघून घरी काही कळतं का?

हरिपूरचं_पेव
सोमवार, रात्री १०.३१

वाचतेय. आमच्याकडे पण सेम, फक्त कॅम्प दोन हजारात होता.

तासगावच्या_बाई
सोमवार, रात्री १०.५८

पहिली गोष्ट, पाळीच्या तारखा लिहून ठेवता का कुणी तिघींपैकी? आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, त्यात दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, भिशीचा हप्ता सगळं लिहिलेलं, पण घरातल्या बाईची तारीख मात्र कुठे नाही. सासरे बघतील म्हणून लाज वाटत असेल तर नुसता टिंब द्या, कुणाला कळत नाही कसला टिंब आहे. मी वर्गातल्या मोठ्या मुलींना हेच सांगते. पहिला दिवस ते पुढच्या पाळीचा पहिला दिवस, असं मोजायचं. पुष्कळ जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग म्हणतात माझी बावीस दिवसांनी येते.

मोठ्या बाईचं २१ ते ३५ दिवसांत येत असेल तर ते नॉर्मलच, दर वेळी अट्ठाविसाव्या दिवशीच यायला पाहिजे असं काही नाही. आणि मुलगी नुकती वयात आली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं मागंपुढं होतंच, लगेच पीसीओडी पीसीओडी (अंडाशयाचा तो हार्मोनचा आजार) म्हणून तिला घाबरवू नका. तुमची भाची मात्र १९ ची आहे, तिचं आता बसायला पाहिजे होतं.

लॅबवाला_मिरज
सोमवार, रात्री ११.४०

मी लॅबमध्येच काम करतो, त्यामुळे माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय असं समजा. कॅम्पला नाव देऊ नका.

कारण सांगतो. या हार्मोनच्या टेस्ट म्हणजे शुगर नव्हे, की कधीही टोचलं आणि आकडा आला. एफएसएच, एलएच (अंडाशयाला हुकूम देणारे दोन हार्मोन) बघायचं तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात रक्त द्यावं लागतं. प्रोजेस्टेरॉन (अंडं सुटल्यावर वाढणारं हार्मोन) बघायचं तर पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी. आता रविवारी सकाळी तुमच्या पार्किंगमध्ये तीस बायका रांगेत उभ्या राहणार, कुणाचा तिसरा दिवस कुणाचा बावीसावा, आणि सगळ्यांच्या रिपोर्टवर एकच रेंज छापून येणार. मग कुणाच्या तरी समोर लाल अक्षरात 'हाय' येतं, ती रात्रभर गुगल करत बसते आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच फोन, दादा हे काय आलंय. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तर नुसती सुई बघून घाबरली तरी थोडं वाढतं, नुकतीच झोपेतून उठली असली तरी वाढतं.

आणखी एक, केस गळतात म्हणून ज्या गोळ्या घेता ना, त्यात बायोटिन असतं. त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चक्क खोटा येऊ शकतो. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) करून उपयोग नाही, तो आकडा दबलेला असतो. पॅकेजमध्ये एएमएच (अंडाशयात अंडी किती उरलीत त्याचा अंदाज) पण घातलेलं असेल बघा, त्यानेच किंमत फुगते, आणि ज्या बाईला मूल व्हायचा प्रश्नच नाही तिला तो आकडा कळून काय लोणचं घालायचंय?

तुमच्या लक्षणांवरून मी डॉक्टर नसताना पण एवढं सांगतो की हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) या दोन साध्या टेस्ट आधी करा. त्या कुठल्याही दिवशी होतात, आणि अडीच हजार लागत नाहीत.

कृष्णाकाठचा_बाळू
मंगळवार, सकाळी ७.०५

लॅबवाले दादा उद्या नोकरी राहिली तर कळवा :)

दंडोबा_ट्रेकर
मंगळवार, सकाळी ८.२०

पुरुष आहे, पण लिहितो. बायकोला पाळी येईना आणि छातीतून दुधासारखं यायला लागलं. धाकटा पाच वर्षांचा, म्हणजे पाजण्याचा संबंधच नाही. घरात आईने लगेच 'गोड बातमी' ठरवून टाकली, टेस्ट निगेटिव्ह. मग डॉक्टरांनी आधी प्रोलॅक्टिन करायला सांगितलं, ते बरंच वाढलेलं. मला तर एमआरआय, मेंदूची गाठ असलं सगळं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले थांबा, आधी सांगा गोळ्या कुठल्या चालू आहेत. तिला पित्ताचा त्रास, सकाळी उपाशीपोटी जी कॅप्सूल घेते त्यात डॉमपेरिडोन होतं. अॅसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये असतं, पाकीट उलटं करून बघा. ते बदललं, काही आठवड्यांनी प्रोलॅक्टिन खाली आणि पाळी सुरू.

म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. आम्ही पित्ताच्या गोळीला औषध समजतच नाही.

(सगळ्यांचं यामुळेच असतं असं नाही. डोकं दुखत असेल, बाजूचं दिसायला कमी झालं असेल तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ बघावी लागते, असं त्यांनी सांगितलं होतं.)

बॅलन्स_वेलनेस_कोच
मंगळवार, सकाळी ९.१५

ताई काळजी करू नका, हे सगळं बॉडीमधल्या टॉक्सिन्समुळे होतं. आमची हर्बल पावडर ९० दिवस घ्या, थायरॉईड पीसीओडी मेनोपॉज सगळं मुळापासून जातं, साइड इफेक्ट झिरो. नंबर साठी मेसेज करा.

मेडिकलवाली_गणपतीपेठ
मंगळवार, सकाळी ९.३८

आल्या का तुम्ही. संपादकांना विनंती की हा प्रतिसाद उडवू नका, राहू दे, लोकांना कळू दे कसा असतो ते. थायरॉईड कमी आहे, पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) आहे आणि पाळी जायची वेळ आली आहे या तीन गोष्टींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि तुमची पावडर एकच. पावडरमध्ये काय काय आहे ते डब्यावर लिहिलेलं तरी असतं का?

मी काउंटरवर बसते म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या बायका डॉक्टरला सांगत नाहीत पण मला माहीत असतात, कारण विकत माझ्याकडून घेतात.

एक म्हणजे गोरं व्हायची क्रीम. ट्यूबमधलं ते स्टिरॉइडचं क्रीम, मैत्रिणीने सांगितलं म्हणून मुली महिनोन्महिने तोंडाला लावतात. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्याच चेहऱ्यावर बारीक पुरळ, लाली, आणि केस. हो, केस. मग ती मुलगी 'माझे हार्मोन बिघडले' म्हणून हजारो रुपयांच्या टेस्ट करते. पाळी अगदी वेळेवर आहे आणि केस फक्त चेहऱ्यावर क्रीम लावते तिथेच आहेत, तर आधी ट्यूब दाखवा त्वचेच्या डॉक्टरला. एकदम बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने बंद करायचं.

दुसरं, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. श्रावण लागला की माझ्याकडे रांग सुरू. सत्यनारायण, गौरी, लग्नसराई, वारी. चिठ्ठी नाही काही नाही, 'त्या गोळ्या द्या' एवढंच. नवऱ्याला पाठवतात, त्याला नाव पण माहीत नसतं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून गिऱ्हाईक शेजारी जातं ते सोडा. कधीतरी एकदा, डॉक्टरला विचारून घेतली तर गोष्ट वेगळी, गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण वर्षातून चार वेळा घेऊन मग 'माझी पाळी अनियमित आहे' म्हणायचं, तर ती अनियमित आहे का तुम्ही केलीय हे डॉक्टरला कसं कळणार? रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला असेल, लिव्हरचा आजार असेल तर या गोळ्या धोक्याच्याही ठरतात. इमर्जन्सी पिलचं तसंच, घेतली की त्या महिन्याची पाळी मागंपुढं होते.

वाळव्याची_आशाताई
मंगळवार, दुपारी २.५०

मी आशा सेविका हाय वाळवा तालुक्यातली. तुमचं शहरातलं बरं हाय, हार्मोन तरी म्हणता. आमच्याकडं बायका म्हणत्यात अशक्तपणा हाय, आणि सलाईन लावून घेत्यात. एक बाटली लावली की दोन दिवस बरं वाटतंय, परत तसंच. लई बायकांचं रक्तच कमी असतंय. ट्रेनिंगला सांगितलं हुतं की देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचं रक्त कमी हाय, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत. आमच्या गावात तरी मला ते खरंच वाटतंय. दम लागणं, केस गळणं, चक्कर, छातीत धडधड, हे सगळं रक्त कमी असलं तरी व्हतंय. ह्यात हार्मोन आहे का नाही ते नंतर बघायचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर कमी. ते पीएचसीत फुकट बघत्यात, लोहाच्या गोळ्या पण देत्यात, फक्त गोळीवर च्या पिऊ नका, लोह अंगी लागत न्हाई.

आणि एक सांगू का, पाळीचा त्रास म्हटलं की पिशवी काढायची, हे आमच्याकडं लई झालंय. उसाच्या टोळ्या येत्यात कारखान्यावर, बीडकडच्या बायका, पंचविशी-तिशीत पिशवी काढलेल्या. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापत्यात. २०१९ ला पेपरात लई आलं हुतं, सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती पण नेमली हुती. पिशवीबरोबर अंडाशय पण काढलं तर त्या पोरीला तिशीतच पाळी जायच्या बाईसारखं व्हतंय, अंगातनं वाफा, हाडं दुखणं, झोप न्हाई. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतंय की काय काय काढलं. मी इचारते, कागद हाय का, तर कागद गावाकडं.

आणि ते गुडघ्याच्या पुड्या आणत्यात ना बाजारातनं, कागदात बांधलेल्या, त्यात स्टिरॉइड घालत्यात काही जण. तोंड गोल सुजतंय, पोट सुटतंय पण हातपाय बारीक, अंगावर जांभळे पट्टे. असं कुणाचं दिसलं तर त्या पुडीसकट डॉक्टरकडं न्या. घरी एकदम बंद करू नका, त्यानं पण जिवावर बेततंय.

विश्रामबागची_सून
मंगळवार, सायंकाळी ६.३०

बापरे, एवढे प्रतिसाद. आशाताई, तुमचं वाचून सुन्न झाले. लॅबवाले दादा, नाव देत नाही, ठरलं. पण मग तिघींसाठी सुरुवात कुठून? आणि कुणी मला सांगेल का की टीएसएच जास्त आला म्हणजे थायरॉईड जास्त का कमी? भिशीतल्या दोघींचं यावरून भांडण झालंय.

मिरजेची_डॉक्टरीण
मंगळवार, रात्री ११.१५

ओपीडी संपवून जेवून लिहितेय, चुकीचं टाइप झालं तर समजून घ्या. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण दिशा सांगते.

भिशीचं भांडण आधी मिटवू. टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरीतून येतं आणि थायरॉईडला 'काम कर' म्हणून सांगतं. उसाच्या फडातल्या मुकादमासारखं समजा, मजूर सुस्त तर मुकादमाचा आवाज मोठा. म्हणजे टीएसएच वाढलं तर थायरॉईड कमी काम करतंय, आणि अगदीच खाली गेलं तर थायरॉईड जास्त धावतंय. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ अशी रेंज असते. ५-६ आलं आणि टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल असेल तर लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत बघतो. गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर मात्र हिशोब वेगळा.

धागाकर्तीचं जे वर्णन आहे, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, जास्त रक्तस्राव, थकवा, हे थायरॉईड कमी असण्याचं पुस्तकी चित्र आहे. पण जास्त रक्तस्रावाने रक्त कमी झालं असेल तरी थकवा आणि थंडी असतेच, आणि दोन्ही एकत्रही असतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच हे लॅबवाल्यांनी सांगितलं ते बरोबर. रक्तस्राव किती, हेही सांगायला शिका. 'खूप जाते' यावरून मला काही कळत नाही. पॅड तासा-दोन तासाला भिजतो का, लिंबाएवढ्या गाठी पडतात का, आठ दिवसांच्या वर चालते का, रात्री उठून बदलावा लागतो का, हे सांगा. गर्भाशयात फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली साधी गाठ) असेल तरी असंच होतं, आणि त्याचं निदान हार्मोनच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही, सोनोग्राफीत दिसेल.

उलट प्रकारही सांगून ठेवते कारण तो सुटतो. बाई न प्रयत्न करता बारीक होते, सगळे कौतुक करतात, 'काय डाएट करतेस गं'. पण हात थरथरतात, छाती धडधडते, उकाडा सहन होत नाही, पाळी कमी जाते. ते थायरॉईड जास्त असू शकतं. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईड असं वरखाली होतं आणि घरचे म्हणतात जागरणाने दमलीय.

भाची. तिचं पीसीओएसकडे झुकणारं आहे. मोठ्या बायकांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (राठ केस, पुरळ, टाळूवर विरळ केस, किंवा रक्तात वाढ), आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं ठराविक चित्र. ही तीनपैकी दोनची पद्धत २००३ साली रॉटरडॅमला ठरली, अजूनही तीच वापरतो. तिला पहिल्या दोन्ही आहेत, मग सोनोग्राफीत काही दिसो वा न दिसो. आणि नुसत्या सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या, बाकी काही नाही, तर तो आजार नाही. त्या गाठी पण नव्हेत, अर्धवट वाढलेली अंडी असतात, ऑपरेशन करून काढायची वस्तू नाही. कोवळ्या मुलींत तर पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवर निदान करूच नये असं आताच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मानेमागचं काळं घासून जाणार नाही हे तिच्या आईला कृपया सांगा. तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नाही याची ती खूण असते, काखेत पण येते. तिची साखर तपासा, शक्यतो ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात ती. थायरॉईड, प्रोलॅक्टिन पण एकदा. तीन महिन्यांच्या वर पाळी न येता बसू देऊ नका, आतलं अस्तर साचत राहतं आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. आवाज घोगरा होणं, केस काही महिन्यांत झपाट्याने वाढणं, असं असेल तर थांबू नका, ते साधं पीसीओएस नसतं बऱ्याचदा.

जाऊबाई. ४५ च्या पुढे, पाळी मागंपुढं, अंगातून वाफा, रात्रीचा घाम. याला टेस्ट लागत नाही. एफएसएच आज ३० येईल, पुढच्या महिन्यात ८. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर, म्हणून बायकांना वाटतं इतक्यात कसं. सलग बारा महिने पाळी आली नाही की गेली म्हणायचं. तोवर मूल राहू शकतं हे लक्षात ठेवा, दोन महिने चुकली तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, हसू नका, मी ४५ ला दिवस गेलेल्या बायका बघितल्यात. वीस दिवसांत येते ती खूप जात असेल, मधेच अंगावरून रक्त जात असेल, संबंधानंतर जात असेल तर तपासणी हवी. आणि बारा महिने बंद होऊन परत थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. 'परत सुरू झाली, अंगात ताकद आली' असं म्हणून गप्प बसणाऱ्या बायका आहेत, त्यांचा मला राग येत नाही, वाईट वाटतं.

चाळिशीच्या आत पाळी बंद होत असेल तर मात्र तपासण्या पूर्ण करा, हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो.

हरिपूरचं_पेव
बुधवार, सकाळी ६.५०

हा प्रतिसाद प्रिंट काढून भिशीत वाटणार आहे.

कवठ्याची_लेक
बुधवार, सकाळी ११.०५

त्या १९ च्या मुलीसाठी लिहितेय. मला पीसीओएस आहे, शाळेत असल्यापासून. तिला आधी विचारा की तिला किती त्रास होतोय, पाळीचा नव्हे, लोकांचा. मला एसटीत एका बाईने विचारलेलं 'मिशा येतात का गं तुला', सगळ्या डब्यात, म्हणजे बसमध्ये. आणि नातेवाईकांचं ठरलेलं वाक्य, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. लग्नाने इन्सुलिन कसं जागेवर येतं हे मला कुणी सांगितलं नाही अजून.

थ्रेडिंग केल्याने केस वाढत नाहीत, वॅक्सने वाढत नाहीत. करू दे तिला. गोळ्यांनी केस कमी व्हायला सहा महिने तरी लागतात, आधीचे आलेले केस गोळीने गळून पडत नाहीत, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी मधेच सोडल्या नसत्या. वजन पाच टक्के जरी कमी झालं तरी पाळीत फरक पडतो, ७० किलोच्या मुलीला साडेतीन किलो. पण मी बारीक आहे, मलाही आहे, त्यामुळे 'जाड म्हणून झालं' हे पण सगळ्यांना लागू नाही. आणि मूल होत नाही हे तर साफ खोटं, माझ्या मावशीला पण पीसीओएस आहे, तिला दोन मुलं आहेत.

जेवणाचं म्हणाल तर पनीर आणि ब्रोकोली आणायला लागत नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी, दही, आणि चहाबरोबर बिस्किटाचा पुडा नको. संध्याकाळी भडंग खातेच मी, एक वाटी, तीन नाही. आमराईला चालायला जाते.

पुण्यात_सांगलीकर
बुधवार, दुपारी १.२५

सगळं ठीक आहे पण हे सगळं आजकालच्या लाइफस्टाइलचं आहे. आमच्या आज्ज्यांना कुठे होतं हे?

तासगावच्या_बाई
बुधवार, दुपारी १.५२

होतं की. अमुक बाई वांझ, तमकीच्या अंगात येतं, हिला चाळिशीत वेड लागलं, असं म्हणायचे. निदान नव्हतं. पीसीओएसचं वर्णन तर स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ लाच केलंय, तेव्हा कुठे होता पिझ्झा. लाइफस्टाइलने वाढतं हे मान्य, पण दर वेळी बाईच्या खाण्यावर नेऊन ठेवायचं हे मला पटत नाही.

पुण्यात_सांगलीकर
बुधवार, दुपारी २.१०

ओके ओके. मुद्दा मान्य. चिडू नका बाई.

कृष्णाकाठचा_बाळू
बुधवार, दुपारी २.१४

हार्मोन असतील बाईंचे. (पळतो)

मेडिकलवाली_गणपतीपेठ
बुधवार, दुपारी २.४०

बाळू, दुकानावर ये, तुला गोळी देते.

विश्रामबागची_सून
गुरुवार, रात्री ९.०५

जाऊबाईंना डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी म्हणाल्या माझं नाव कशाला घातलंस, मग स्वतःच फोन मागून घेऊन दोनदा वाचला. रात्रीच्या घामावर काही औषध असतं का विचारतायत, का सहनच करायचं?

मिरजेची_डॉक्टरीण
गुरुवार, रात्री ११.३०

असतं. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल असतं, बिनहार्मोनची औषधं पण असतात. कुणाला काय द्यायचं हे बीपी, स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, मायग्रेन हे बघून ठरतं, म्हणून दुकानातून परस्पर नको. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायदा बहुतेक जणींत जास्त असतो. सहन करायची गरज नाही, हे त्यांना नक्की सांगा. येताना शेवटच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा आणि चालू गोळ्यांची पिशवी.

पलूसची_वैनी
शुक्रवार, पहाटे ५.१०

धाग्याचा विषय थोडा सोडून विचारते. मला थायरॉईडची गोळी चालू झालीय, उपाशीपोटी घ्यायची आणि तासभर काही खायचं प्यायचं नाही म्हणे. आमच्याकडे पहाटे साडेचारला धारा काढायच्या असतात, चहा घेतल्याशिवाय मला गोठ्यात जाता येत नाही. मग गोळी कधी घेऊ? कॅल्शियमची पण आहे, ती त्याच्याबरोबर चालते का?

मेडिकलवाली_गणपतीपेठ
शुक्रवार, सकाळी ८.४५

कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर अजिबात नको, चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागतच नाही आणि मग डोस वाढवत बसतात. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या.

थायरॉईडची उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नको. ते जमतच नसेल तर झोपताना घेतलेली पण चालते, फक्त जेवून तीन तास झालेले पाहिजेत. डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि रोज तीच ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करतात ते चुकवू नका.

पलूसची_वैनी
शुक्रवार, सकाळी ९.२०

जेवायला आमच्यात साडेनऊ होतात, सिरियल संपल्याशिवाय कुणी ताटावर येत नाही, आणि दहाला मी झोपते. म्हणजे रात्रीचं जमायचं नाही. गोळी उशाशी ठेवते आणि चहा धारा काढून आल्यावर. दोन म्हशी आहेत, तासभर जातोच.